आमच्या दोघायचा स्क्वॅश

माझं माहेर अड्याळचं, घरी धानाची शेती, रोवणीच्या दिवसात चिखलात वाकून वाकून कंबर अशी मजबूत झाली का लगन होऊन जवाहरनगरले आली तं क्वार्टरमधलं काम मले कामच वाटे नाई. सासर सिहोऱ्याचं, पण आमचे हे फॅक्टरीत फिटर, म्हणून इथं. सांजच्यानं हे क्लबात स्क्वॅश खेळत. आमच्या यायचा जोडीदार बदली होऊन गेला, तवा मले म्हणत, चाल, तू नुसता चेंडू परत मारत जाय.

काय सांगू जी तुमाले, मले वाटलं मधात जाळी असंल. जाळी नाईच. चार भितीची खोली, दोघंबी एकाच बाजूनं उभे, समोरच्या भितीवर चेंडू मारायचा, खालच्या पत्र्याले लागला तं गेला, आन जमिनीवर दुसरा टप्पा पडाच्या आधी दुसऱ्यानं उचलाचा. रबराचा इवलासा चेंडू, पयले मारून मारून गरम करा लागते, थंडा असला तं उसळतच नाई. आन मारून झालं का बाजूले व्हाचं, दुसऱ्याले जागा द्याची. शिकली मी. सासूबाई सिहोऱ्याहून आल्या तं फक्त म्हणाल्या, ओढणी कसून बांध.

मंग क्लबानं सामने ठेवले, चिठ्ठीत माझा सामना आमच्या यायच्याच संगं निघाला. मी पॉइंटानं पुढं गेली तसे हे मारून झाल्यावर मधातून हटतच नाई. मी रॅकेट उचलली आन थांबली, म्हटलं, बाजूले व्हा जी, लागंल तुमाले. हे म्हणत, मार ना, काहून थांबली. यायनं वाट अडवली म्हणून पंचानं पॉइंट मले देला. लोकं हासले. मी जिंकली.

घरी हे जेवाले बसले. मंग म्हणत, पुढच्या वेळी सांभाळून घेजो, चार लोकात बरं दिसत नाई. मी म्हटलं, म्हणजे हराचं? हो म्हणत. मंग तुमच्यासंगं खेळतच नाई म्हटलं. रडू आलं, पण पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली.

एकटी जाऊ लागली. एकट्यानंबी जमते, समोरची भीत चेंडू परत देते. पण भीत दमत नाई, चुकत नाई, मजा येत नाई. एक दिवस हे बूट घालून दारात उभे. म्हणत, चाल, हटीन मी.

आता यायची रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडा लागंल, सिहोऱ्याले जाऊ, तिथं कुठली आली अशी खोली. तवरी रोज जाऊन राहिलो. हरले का हे आजबी चिडते, घरी येऊस्तोर पुढं पुढं चालते. चालू द्या. मागून मी येऊनच राहिली.