सभेला हजर

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई आणि त्यांचे दीर बसले होते.

"वहिनी, आत एवढंच सांगायचं, मी नावाला संचालक, मला काही माहीत नव्हतं."

"वकील म्हणाले ना, माहीत करून घेणं हेच संचालकाचं काम. आपल्या कारखान्यात बॉयलर फुटून त्या कामगाराचे डोळे गेले, भावजी. त्याला काय सांगू, मी नावाला होते?"

"सह्या तुम्हीच केल्यात."

"संचालकांच्या सभांचे वर्षभराचे कागद तुम्ही एकदम घरी आणायचात. गॅसवर दूध ठेवून मी सह्या करायचे. काल पहिल्यांदा वाचले. बॉयलरची तपासणी पुढे ढकला, असं सभेत मी सुचवलं म्हणे."

"कुणाचं तरी नाव घालावंच लागतं."

"तारीख बघितलीत? त्या दिवशी तुमचे भाऊ गेले. आपण दोघं दिवसभर दवाखान्यात होतो, आणि इथे दोघंही सभेला हजर."

"कारकुनानं चुकून टाकली असेल."

"खाली अध्यक्ष म्हणून सही तुमची आहे."

"हळू बोला. आत काय सांगणार आहात?"

"मी न वाचता सही केली, हे सांगणार. आणि वाचून कुणी केली, तेही."