निम्मी जमीन बायकोची

थर्झा : उठणार नाही तो आता. शेपटी पिरगाळून काय उपयोग? सोड त्याला, केतुरा.

केतुरा : सकाळी पाणी प्यायला होता, आई. चांगलं पोटभर प्यायला होता.

थर्झा : तेच नडलं. डबक्याच्या कडेनं पांढरा क्षार साचला होता, बघितला नाहीस? जू काढ. दुसरा तरी जगू दे.

केतुरा : एका बैलावर गाडी ओढली जाते का?

थर्झा : तुझा नवरा, माझा लायमन असता तर त्याला विचारलं असतंस. तो पुरलाय मागे प्लॅट नदीच्या काठाला. आता माझ्या तोंडून ऐक. नाही ओढली जात.

प्रुइट : मावशी, येऊ का? बैल गेला वाटतं.

थर्झा : ये बाबा प्रुइट. साऱ्या तांड्याची चाकं सांधतोस, बैल सांधता येतो का बघ.

प्रुइट : नाही येत. मी कप्तानाकडून आलो. म्हणजे, त्यानं पाठवलं नाही, माझा मीच आलो. उन्हं कलली की निघायचं म्हणतोय तो. पुढे डोंगर आहेत, बर्फ पडायच्या आत पार व्हायला हवेत. म्हणाला, विकमांच्या घरच्या दोघी बायकांनी गाडी सोडावी आणि कुणाच्या तरी गाडीत जागा मागावी.

थर्झा : कोण देईल? पटकी शिरलेल्या गाडीतल्या बायका आम्ही. लायमनला पुरलं त्या दिवसापासून आमच्या चुलीपाशी कुणी टेकत नाही.

प्रुइट : मी देईन. तेच सांगायला आलो. माझे चारही बैल धडधाकट आहेत. फक्त, म्हणजे, केतुराबाईंनी माझ्याशी लग्न करावं.

थर्झा : काय म्हणालास?

प्रुइट : वाईट वाटून घेऊ नका. पाद्री आहेच आपल्यात. आपण चाललोय त्या ओरेगॉनचा कायदा असा आहे, की सरकार एकट्या पुरुषाला एकशे साठ एकर जमीन देतं. लग्न झालेलं असेल तर दुप्पट, आणि त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर. एकट्या बाईला मात्र काही नाही. विधवेलासुद्धा नाही.

थर्झा : माझ्या पोराच्या थडग्यावरून तुम्ही सगळ्यांनी गाड्या नेल्या...

प्रुइट : लांडग्यांनी उकरू नये म्हणून, मावशी.

थर्झा : कशासाठी नेल्या ते ठाऊक आहे रे मला. त्या चाकांची धूळ अजून खाली बसली नाही, आणि तू तिला मागणी घालायला आलास.

प्रुइट : बसेपर्यंत थांबलो असतो. पण तुमचा बैल थांबला नाही.

केतुरा : परत नाही का जाता येणार?

थर्झा : कुठे परत? घर विकून निघालोय. आणि ती इलिनॉयची दलदल, उन्हाळा सरता सरता घरटी हिवताप. तुझी पहिली मुलगी त्यातच गेली ना? लायमन म्हणाला, पश्चिमेला हवा कोरडी, तिकडे पोरं जगतात. हिवतापाला भिऊन निघालो आणि पटकीनं वाटेत गाठलं.

प्रुइट : तिकडची माती काळीभोर आहे म्हणतात. गहू छातीला लागतो. आणि फुकट.

थर्झा : फुकट कशी असेल? आत्ता कोण राहतं तिथे?

प्रुइट : इंडियन लोक, तिथले मूळचे. पण सरकार म्हणतं, जमीन सरकारची.

थर्झा : आणि ते लोक काय म्हणतात?

प्रुइट : ते मी विचारलं नाही. इतक्या लांब पाय ओढत आलो, आता विचारून काय करू?

केतुरा : मला दिवस गेलेत, प्रुइट.

प्रुइट : ठाऊक आहे. साऱ्या तांड्याला ठाऊक आहे. गाडीआड जाऊन ओकता ते दिसतं सगळ्यांना. मी ते मूल माझं म्हणून वाढवीन.

थर्झा : तुझं म्हणून?

प्रुइट : म्हणजे, माझं नाव देईन त्याला.

थर्झा : त्याला नाव आहे. त्याच्या बापाचं.

प्रुइट : केतुराबाई, तुम्ही बोला ना काहीतरी.

केतुरा : मी...

थर्झा : त्या कायद्यात बायकोचं वय लिहिलंय का रे?

प्रुइट : वय? नाही. रीतसर लग्नाची हवी, बास.

थर्झा : मग माझ्याशी कर.

प्रुइट : मावशी, चेष्टा नका करू.

थर्झा : मेलेल्या बैलापाशी उभी राहून चेष्टा करीन? पन्नाशी उलटलीय माझी, पण दात शाबूत आहेत. रांधता येतं, शिवता येतं, मिसुरीपासून इथवर पायी आलेय. माझ्या नावावर जी निम्मी येईल ती माझ्यामागे लायमनच्या मुलाची. तुझी तुला. केतुरा कुणाच्या उपकाराखाली नको.

प्रुइट : मला मुलं हवी होती, मावशी. बोललो जमिनीचंच, पण तेही होतं मनात. चाळिशीला आलोय. मागे-पुढे कुणी नाही माझं.

थर्झा : ते मला देता यायचं नाही. खोटं कशाला सांगू? जेवताना समोर माणूस असेल. घरात एक मूल रांगेल, तुझं नसलेलं. एवढंच.

प्रुइट : आणि नाही म्हटलं तर?

थर्झा : तर तुझी एकट्यापुरती जमीन आहेच. आम्ही दोघी बसू इथे, मागून कुणी येतंय का बघत.

प्रुइट : असं म्हटल्यावर माणूस नाही कसा म्हणेल? केतुराबाई, तुमच्या तोंडून ऐकू द्या एकदा.

केतुरा : आई म्हणतात तसं.

प्रुइट : बरं. मी पाद्रीला सांगतो. हसेल मात्र सगळा तांडा.

थर्झा : हसू दे. किती दिवसांत कुणी हसलेलं ऐकलं नाही.

केतुरा : निघून गेला तो.

थर्झा : हं.

केतुरा : मी हो म्हणणार होते, आई.

थर्झा : कळलं होतं. तू तोंड उघडलंस तेव्हाच कळलं. म्हणून तर मधे बोलले.

केतुरा : आवडतो म्हणून नव्हे. भीती वाटत होती म्हणून. पण ते माझं मी म्हणणार होते.

थर्झा : आणि मग मी कोण? प्रुइटच्या बायकोच्या मेलेल्या नवऱ्याची आई. गाडीला ओझं झालं की लोक आधी कपाट टाकतात, मग चूल टाकतात. वाटेत बघत आलीस ना सगळं? त्यानंतर कुणाची पाळी?

केतुरा : मी टाकलं असतं तुम्हाला?

थर्झा : तू नसतं टाकलंस. पण तुझं तिथे कितपत चाललं असतं?

केतुरा : म्हणजे मला वाचवलंत की स्वतःला?

थर्झा : दोन्ही एकदमच झालं, बाई. निवडून वेगळं करून दाखवता यायचं नाही मला. चल, पिठाची पोती उतरवू. जड काही उचलू नकोस तू.

(दिवस कलल्यावर. तांडा चालू लागला आहे. केतुरा प्रुइटच्या गाडीत बसली आहे. तो आणि थर्झा बैलांच्या बाजूनं चालताहेत.)

प्रुइट : मावशी, तुम्हीही आत बसा ना.

थर्झा : मावशी म्हणू नकोस आता. पाद्रीला पुन्हा बोलवावं लागेल.

प्रुइट : मग काय म्हणू?

थर्झा : थर्झा म्हण. आणि मी चालतेच आहे. एवढ्या चढाला बैलांवर आणखी भार नको.

प्रुइट : थर्झा. जरा वेळ लागेल जिभेला.

थर्झा : लागू दे.

प्रुइट : केतुराबाई तोंड फिरवून बसल्यात. सगळा वेळ मागे बघतायत. लग्नाच्या वेळीसुद्धा तुमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

थर्झा : बघितलं मी.

प्रुइट : बोलतील हो. मूल झालं की बोलतील.

थर्झा : कदाचित.

प्रुइट : आणि नाहीच बोलल्या तर?

थर्झा : तर न बोलता पोचेल. पण पोचेल ती. त्या बैलाला जरा डावीकडे घे, तिच्या अंगावर ऊन येतंय.