सासूच्या तारा, सुनेची पट्टी

(कोरियातलं एक लहान गाव. सासू ओकबुन आणि सून मिरान यांची शेवयांची खानावळ अजून उघडायची आहे.)

ओकबुन : सरक बाजूला. आज शेवया कापायची पोळी मी लाटणार. नाही जमली तर लाटणं तुझं. मी कोपऱ्यात लसूण सोलत बसेन.

मिरान : आई, डॉक्टर म्हणाले ना, मनगटाला घाई नको.

ओकबुन : तुला कुठं म्हणाले? तुझा हात कापून आत धातूची पट्टी बसवली, पंधरवड्यात बोटं नाचवायला लागलीस. मला बाहेरूनच तारा खुपसल्या, वर प्लास्टर. दीड महिना नुसती खांबासारखी.

मिरान : तुमचं हाड न कापता जागेवर बसलं. माझ्या हाडाचा चुरा झाला होता. वर्षभरात दोघींचे हात सारखेच होतील, असंही म्हणाले ते.

ओकबुन : झालं की वर्ष. बघू.

मिरान : आणि खांबासारख्या कसल्या? प्लास्टर गळ्यात अडकवून कणकेच्या पिशवीवर उभं राहून पायांनी कोण तुडवत होतं? मी पट्टी असून व्यायामाला रडायचे. तुमच्याकडे बघितलं की गप्प व्हायचे.

ओकबुन : पाय शाबूत होते, म्हणून तुडवली. हे बघ, उजवीकडची कडा जाडच राहिली. संपलं माझं.

मिरान : माझी डावीकडची राहते.

ओकबुन : तुझी? कधीपासून?

मिरान : हात मोडल्यापासून. जाड कडा कापून आपल्या दोघींच्या वाडग्यात टाकते. वर्षभर खाताय की.

ओकबुन : मला वाटलं, माझे दात पडलेत म्हणून खिजवतेस.

मिरान : काहीतरीच तुमचं. या, माझ्या डावीकडे उभ्या राहा. तुमचा डावा हात त्या टोकाला, माझा उजवा या टोकाला. मोडके मधे.

ओकबुन : त्या दिवशी बर्फावर मी तुझ्या उजवीकडे होते.

मिरान : हो.

ओकबुन : घसरले तेव्हा माझा हात सोडला असतास, तर तुझं मनगट वाचलं असतं. वर्षभर मनात आहे, तोंडावर येत नव्हतं.

मिरान : लाटा आई. गिऱ्हाईकं येतील.

ओकबुन : लाटतेय. जोर नको करूस, माझ्याबरोबर ये. हं. अगं, केवढी पातळ झाली, खालचा पाट दिसतोय.

मिरान : मग लसूण कोण सोलणार?

ओकबुन : सोलेल तुझा नवरा. तू इथून हलू नकोस.