विश्व फुगवायला घातलेला आकडा

मंडळी, आधी मला उत्तर द्या. पाप कशात आहे — चुकण्यात, की चूक झाकण्यात? बघा, सगळे म्हणाले झाकण्यात! तोंडानं बोलायला काय जातंय!

तर ऐका. शाल्मली हुपरीकर नावाची मुलगी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत विश्व कसं जन्मलं याचं गणित मांडते. हसू नका! तुमची पोरं दिवसभर मोबाइलवर काय मांडतात ते मला ठाऊक आहे.

शास्त्रज्ञ म्हणतात, आरंभी हे अवघं विश्व मोहरीहून कितीतरी बारीक होतं, आणि पापणी लवायच्या आत अफाट फुगलं. का फुगलं? शाल्मलीच्या शास्त्राला म्हणतात स्ट्रिंग थिअरी. तिचं म्हणणं, सगळ्याच्या मुळाशी थरथरणाऱ्या बारीक तारा आहेत, आणि आपल्याला दिसतात त्याहून जास्त दिशा आहेत — इवल्याशा, गुंडाळलेल्या. त्यातल्या एका दिशेत दोन पातळ पडदे एकमेकांकडे ओढले जातात. — टाळकरी बुवा, ते टाळ द्या इकडे! हे बघा, हे दोन पडदे. मधे अंतर आहे तोवर ताकद साठलेली. त्या ताकदीनं विश्व फुगतंय, फुगतंय... खण्ण! आदळले! फुगणं संपलं, साठलेलं सगळं तापून बाहेर पडलं. त्यातूनच पुढे तारे, माती, तुम्ही, मी! पण अट एकच — पडदे सावकाश यायला हवेत. झटकन आदळले तर फुगायच्या आधीच खेळ खलास.

शाल्मलीनं गणित मांडलं. आदळले झटकन! पुन्हा मांडलं. तेच! तिचे मार्गदर्शक निरगुडकर सर म्हणाले, "अगं, एक आकडा जास्तीचा घाल. ओढ कमी होते, विश्व छान फुगतं."

"पण सर, हा आकडा आला कुठून? तारांच्या नियमांतून तर तो निघत नाही."

"कुठून म्हणजे? उत्तर यायला लागतो म्हणून! सगळेच घालतात."

सगळेच घालतात! अंगाची लाही लाही होते हो माझ्या! अरे, घाल ना बाबा, पण सांगून घाल! सर वर म्हणतात कसे, "परिषदेत तू बोलणार आहेस. तिथे त्या आकड्याचा विषय काढू नकोस. जर्मनीच्या नोकरीला माझीच शिफारस लागणार आहे, ध्यानात ठेव."

परिषद भरली. शाल्मली बोलली, आकड्याचा विषय न काढता. समोर बसलेल्या एक वयस्क शास्त्रज्ञ बाई खूश झाल्या. "सुंदर! म्हणजे तारांनीच विश्व फुगवलं म्हणायचं!" सरांचा चेहरा असा खुलला! आणि शाल्मली? नुसती मान हलवली की टाळ्या, नोकरी, विमान! एवढंच करायचं होतं हो!

"नाही बाई," ती म्हणाली. "तारांनी नाही, मी फुगवलंय. एक आकडा हातानं घातलाय. तो काढला तर आमच्या गणितात हे विश्व जन्मालाच येत नाही."

सर तरातरा उठून गेले. शिफारस गेली, नोकरी गेली.

तिनं घरी फोन केला. वडील निवृत्त शाळामास्तर, पोरांना आयुष्यभर सत्य बोला म्हणून फळ्यावर लिहून देणारे! ते काय म्हणाले? "तुला कोणी विचारलं होतं का? नाही ना? मग कशाला तोंड उघडलंस?"

नोकरी गेली तेव्हा पोरगी रडली नव्हती. आता रडली.

खबरदार, मास्तरांना नावं ठेवाल तर! परवा तुमच्या लेकीनं ऑफिसात साहेबाची लबाडी दाखवली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "जमवून घे बाई!" म्हणालात की नाही? खाली काय बघता? सर एकटे दोषी नाहीत हो. त्यांच्या पाठीशी आपण सगळे उभे आहोत, म्हणून त्यांची छाती होते!

देवानं विश्व कसं फुगवलं ते त्यालाच ठाऊक. तारांनी फुगवलं असेलही! शोधणारी शोधेल. पण तिला खरं तर बोलू द्या!

चला, आता नामाचा गजर करू. मोठ्यानं करा. आणि घरी जाऊन देवापुढे हात जोडायच्या आधी लेकीला फोन लावा. म्हणा — बरं केलंस, पोरी!