‘मेल्या’ आणि ‘बे’

मंडळी, आज कीर्तनात फोन बंद करू नका. हातातच ठेवा, शेवटी लागणार आहे! आधी एवढं सांगा — एका माणसाच्या एका शब्दापायी अख्ख्या गावाला दार लावावं का? नाही म्हणता? ऐका तर.

वेंगुर्ल्याला सुगंधाबाई केळुसकर, निवृत्त मास्तरीणबाई. त्या ‘सागरकट्टा’ चालवतात. कट्टा पारावरचा नव्हे हं — इंटरनेटवरचा! त्याच्यावर कुठल्या मोठ्या कंपनीची मालकी नाही. ज्याचा त्याचा सर्व्हर, ज्याचे त्याचे नियम, आणि कट्ट्याकट्ट्यांत रस्ते. इथे बसून तिथल्याशी बोला! दार मात्र ज्याच्या त्याच्या हाती.

चाळीस माणसं होती तोवर बाई सुखात. चारशे झाली — तक्रारींचा पाऊस! एका हातानं आमटी ढवळायची, दुसऱ्या हातानं निकाल द्यायचा. घाईघाईत!

कट्ट्यावर सत्तरीचा बाबुली तांडेल, समुद्रावरचा मासेमार. त्याचा दोस्त सोमाजी, गोंदियाच्या ‘तळेकट्ट्या’वरचा, तळ्यात जाळं टाकणारा. कधी भेट नाही, पण रोज सकाळी बोलणं!

आणि एके दिवशी गोंदियानं अख्ख्या सागरकट्ट्याला दार लावलं! बाबुली बाईंच्या पडवीत आला. “बाई, सोमवारी सोमाजीच्या काळजाचा आप्रेशान होता. आज बेस्तरवार, तीन दिस झाले. तो आसा काय गेलो, माका कोण सांगतलो?”

बाई भडकल्या. “त्यांनी दार लावलं ना? मग आपणही लावू!” बटणावर बोट — आणि शेजारी दिसली आपणच बंद केलेल्यांची यादी. पहिलंच नाव गोंदियाचं, याच सोमवारचं! कारण? ‘तिथला एक जण बे म्हणाला. उद्धट.’ विचारलं होतं का त्याला? छे! आमटी उतू जात होती ना!

बाईंनी बोट मागं घेतलं. तळेकट्टा चालवणाऱ्या ताराचंद बिसेनांना त्यांनी फोन लावला.

“आधी माझी चूक सांगते, बिसेनभाऊ. ‘बे’ म्हणजे काय हो?”

“बे? जीव लागला का तोंडात ‘बे’ येते जी आमच्याकडं! आता तुमी सांगा, तुमचा माणूस आमच्या सोमाजीले रोज ‘मेल्या’ म्हणते! आप्रेशनच्या दिवशीबी! आमी का समजाचं?”

“अहो, ती आमची माया!”

“मरणाची माया?” बिसेन असे हसले, की बाबुलीला पडवीत ऐकू आलं. मागच्या रांगेतल्या काकू, तुम्ही नंतर हसा!

दोन्ही दारं उघडली. बाबुलीनं लिहिलं, “मेल्या, जितो आसस मां?”

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाईंनी गॅस बंद केला. आणि आलं —

“जित्ता आहो ना बे!”

तेव्हापासून सागरकट्ट्याचा पहिला नियम — दार लावण्याआधी विचारा.

आता मंडळी, काढा फोन! कुठल्या भावाला, कुठल्या जावेला बंद करून ठेवलंय, पाहा. काय म्हणायचं होतं, हे विचारलं होतं का? नाही ना? मग टाळ मी थांबवतो. तुम्ही एक दार उघडा — मेल्यांनो!