मनात आलं होतं

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. मनात पाप आलं, म्हणजे हातून पाप घडलं का? — गप्प का झालात! आत्ता तुमच्यातल्या कितीजणांच्या मनात आलंय, 'बुवा कधी आटपतायत!' आलंय ना? म्हणून काय तुम्ही बुवांना हाकललंत?

हसून घ्या. पुढे हसायला मिळायचं नाही.

बिरू आणि सिद्धू, सख्खे भाऊ. धनगर. मेंढरं घेऊन नदी ओलांडत होते, आणि वरून लोंढा आला! बिरूनं एका हातानं करंजाची मुळी धरली, दुसऱ्या हातानं धाकट्या सिद्धूची बाही. काठावर सिद्धूची बायको म्हाकू ओरडतेय! आणि त्या घटकेला बिरूच्या मनात आलं — 'ह्याला सोडला, तर मी वाचंन!'

तेवढ्यात एक ओंडका येऊन सिद्धूवर आदळला. सिद्धू गेला!

त्या दिवसापासून बिरूचं एकच — "म्या सोडला. म्या मारला भावाला." लोकांनी समजावलं. ऐकतोय कोण? घरात त्याची रांगती लेक होती, ठकू. ती मांडीवर चढायला आली, की हा उठायचा. पडली, तरी हात देईना. "ह्यो हात लेकराला लावायचा न्हाई!" बोट धरायला आली, की हा मुठी आवळायचा. पोर मोठी झाली — आणि यायचीच थांबली.

लग्न झालं. सासरी निघताना बापाच्या पाया पडली. ह्यानं हात पाठीमागे घेतले! पोर उठली. जीपमध्ये जाऊन बसली.

जीप गेली, तशी म्हाकू पुढे झाली. "दादा, तुमास्नी काठावर वढलं, तवा तुमची मूठ आमी बायांनी जोर लावून उघडली. आत त्यांची फाटकी बाही हुती. सोडला आसता, तर ती कुठनं आली?"

"पर मनात आलं हुतं, म्हाकू!"

"आलं आसंल. माज्याबी मनात आलं हुतं — ह्यो थोरला बुडू दे, पर माजा धनी वाचू दे! इतकी वर्सं लाजंपायी बोलले न्हाई. मग म्या तुमास्नी मारलं का? तुमची भाकरी म्याच थापत आले न्हवं?"

बिरूनं आपली मूठ उघडून पाहिली. विचार आला आणि गेला, मंडळी! हा मात्र जन्मभर त्यालाच 'मी' म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी चालत लेकीच्या सासरी गेला. ठकू दारात आली. ह्यानं हात पुढे केला. पोर बघत राहिली. तिला कळेचना, ह्याला काय हवंय! आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, आणि त्या हातात दिला.

"दमला आसशील, आबा," म्हणाली. आणि कामाला लागली.

त्याच्यासाठी रडू नका! तुमच्याही मनात कधीतरी काहीतरी काळं येऊन गेलंय. आणि 'मी असाच, मी वाईटच' म्हणत तुम्ही दार लावून बसलात. त्या दाराबाहेर कोण ताटकळतंय? भजनाला हात जोडण्याआधी एकदा शेजारी वळून बघा, मंडळी. ते माणूस बहुतेक इथेच बसलंय!