जाळी कोण बांधणार?

मंडळी, मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. सेलूतली तुम्ही सगळी माणसं आलात. हिंगणघाटच्या आमच्या मैत्रिणी एवढ्या उन्हातून एसटीने आल्या. आणि शोभावहिनी, तुम्ही घराबाहेर पडलात, या मैदानावर येऊन बसलात, त्याबद्दल मी काय बोलू? मला माईकची सवय नाही. मी तहसील कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांना ‘उद्या या’ म्हणते, तेवढंच माझं भाषण. आज बोलायला उभी राहिले खरी. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

गोविंदभाऊ गेले. गेल्या आठवड्यात गेले. बाजार चौकातले किराणावाले गोविंदभाऊ, आपल्या मंडळाचे सचिव. दुकानात बसलेले कमी आणि या मैदानावर जास्त दिसणारे गोविंदभाऊ.

आता आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की हे मंडळ त्यांनी उभारलं. माफ करा, पण ते तसं नाही. मंडळ आधीपासून होतं. नव्वदीच्या सुरुवातीला इथे काही पुरुष मंडळी व्हॉलीबॉल खेळायची आणि सचिव व्हायला कोणी तयार नव्हतं. गोविंदभाऊंच्या दुकानात फोन होता आणि गोदामात जाळी ठेवायला जागा होती. एवढीच त्यांची पात्रता. खेळता त्यांना येत नव्हतं. सर्व्हिस केली की चेंडू जाळीखालून जायचा. ते स्वतःच हसायचे. म्हणायचे, "मी खेळलो त तुमचं नुकसान हाय. मी बाहेरच बरा."

बाहेरच बरा म्हणणाऱ्या या माणसाने पुढची सगळी वर्षं रेषांवर चुन्याची फक्की मारली, चेंडूत हवा भरली, जाळी बांधली. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकी ऐन रंगात यायची, तेव्हाच हे गल्ल्यावरून उठायचे. मग गल्ल्यावर कोण? त्यांच्या घरच्या, आपल्या शोभावहिनी. त्यांनी कधी तक्रार केली नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांनी भरपूर केली, मी ऐकली आहे. वहिनी, हसताय नं? हसा.

मी आष्टीची. लग्न होऊन इथे आले. शाळेत थ्रोबॉल खेळायचे, आणि बरी खेळायचे. हे मी एकदा दुकानात साखर घेताना शोभावहिनींना बोलले. सहज बोलले. त्याच आठवड्यात गोविंदभाऊ आमच्या घरी हजर. मी स्वयंपाकघरात, दाराआड. ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याशीही बोलले नाहीत. माझ्या सासूबाईंसमोर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काकू, बायांसाठी थ्रोबॉल सुरू करून राह्यलो. मले एक पंच पाह्यजे."

आई म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं?"

"नाई समजत म्हणूनच आलो. ज्याले समजते, तो भांडते."

"आन् खेळन कोण?"

"ते पाहू मंग. पहिले पंच ठरू द्या."

आई विचारात पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना घराबाहेरचं पद देत होतं. ‘बरं’ म्हणाल्या. तेव्हा भाऊ उठले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "एकट्या कायले येता काकू, सोबतीले सुनेले आणजा."

बस. अशी मी मैदानावर आले. आणि मीच नाही. जिथे सून खेळायला हवी, तिथे हे आधी सासूकडे जायचे. कोणाला पंच केलं, कोणाला गुण मोजायला बसवलं, एका काकूंना तर नुसतं ‘शिस्त पाहा’ म्हणून खुर्ची दिली. अशा चार सासवा मैदानाच्या कडेला बसल्या की गावात बोलायला कोणाची हिंमत? सासूच बसली आहे तर बोलणार काय?

आता आमच्या पंचांबद्दल सांगते. त्या समोर बसल्या आहेत, तरी सांगते. कोणी पडलं की आई शिट्टी मारायच्या, खेळ थांबवायच्या आणि विचारायच्या, "लागलं काय वं?" वाद झाला की गुण वयाने मोठी असेल तिला. हा त्यांचा नियम. आणि पहिल्यांदा हिंगणघाटच्या बायांचा संघ आपल्याकडे सामना खेळायला आला, तेव्हा आम्ही जिंकत आलो होतो. अगदी शेवटाला आलो होतो. तिथून पुढे आईंनी प्रत्येक चेंडू त्यांच्या बाजूने दिला. रेषेच्या आत पडला तरी त्यांचा, बाहेर पडला तरी त्यांचा. आम्ही हरलो. आमच्याच पंचांनी आम्हाला हरवलं. मी चिडून विचारलं, "आई, असं काऊन केलं?" तर म्हणतात, "पाव्हण्या आहेत. एवढ्या दुरून आल्या. त्याईले हरवून पाठवाचं काय?"

हिंगणघाटवाल्यांनो, तुम्ही आज पहिल्यांदा ऐकताय वाटतं. तो सामना आम्हीच जिंकलो होतो.

मी रागाने भाऊंकडे गेले. म्हटलं, पंच बदला, नाहीतर हा खेळ नाही, पाहुणचार आहे. भाऊ फक्कीचे हात झटकत उभे होते. म्हणाले, "वयनी, हारले त हारले. काकू उद्या येतीन नं?" मी म्हटलं, येतील. "मंग तुमीबी यान. माहं काम झालं."

त्या दिवशी मला ते पटलं नाही. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी मी आले. आणि त्याच्या दुसऱ्याही दिवशी आले. नोकरी, मुलं, घरातलं आजारपण, सगळ्यातून येत राहिले. आणि कितीतरी बाया येत राहिल्या. दिवसातला तो एक तास आम्ही कोणाला चहा विचारत नव्हतो, कोणाचं ताट वाढत नव्हतो. तुम्हा पुरुषांना कदाचित त्यात विशेष वाटणार नाही. आम्हाला फार वाटायचं. अजूनही वाटतं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र समजू नका. सुरुवातीला आमची वेळ होती दुपारी साडेचार. आपल्याकडचा एप्रिल, मे, आणि साडेचार. जमिनीवर पाय ठेववत नाही. बाया गळायला लागल्या. तेव्हा भाऊंनी सभा घेतली आणि सांगितलं, संध्याकाळचा थंड तास बायांचा. पुरुषांनी सकाळी यावं.

काय गोंधळ झाला होता, आठवतं का? आपले कर्णधार दिवाकरभाऊ तेव्हा म्हणाले, "मंडळ आमचं, जाळी आमची, आन् आमीच बाहेर?" भाऊ म्हणाले, "तुमी बाहेर नाई, सकाळी. सकाळी त्यायले चूल हाय. तुमाले काय हाय?" दिवाकरभाऊ उठून गेले. त्यांच्यासोबत बरेच जण गेले. शाळेपासूनची मैत्री होती दोघांची, पण सगळा उन्हाळा बोलणं बंद. भाऊंना ते लागलं. फार लागलं. पण वेळ बदलली नाही.

पुढे काय झालं ते दिवाकरभाऊ मघाशी बोलले नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांच्या मालू वहिनी आमच्यात खेळायला येऊ लागल्या. एक दिवस हे त्यांना घ्यायला आले. रस्त्यावर उभे राहिले. मग कुंपणाशी आले. मग रेषेशी आले आणि ओरडले, "अवं, हात सरळ ठेव." गोविंदभाऊ शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही मैदानाकडे पाहत होते. भाऊ म्हणाले, "चांगली खेळते नं वयनी?" दिवाकरभाऊ म्हणाले, "माह्यापेक्षा चांगली." झाला समेट. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांचा संघ मैदानावर होता. दिवाकरभाऊ, डोळे पुसा. मलाही पुसायचे आहेत.

मंडळी, इथवर मी कौतुक केलं. आता एक तक्रार करते. गेलेल्या माणसाबद्दल तक्रार करू नये म्हणतात. पण भाऊंबद्दल फक्त गोड बोलले तर तेच म्हणतील, वयनी, कोणाबद्दल बोलून राह्यल्या?

तक्रार ही, की त्यांनी सगळं स्वतःच केलं. जाळी त्यांनीच बांधायची. आपण मदतीला गेलो की "राहू द्या, तुमच्यानं ढिली राह्यते" म्हणायचे. फक्की त्यांनीच मारायची. पावसाळ्यात चर त्यांनीच खोदायचे. आपल्याला बरं वाटायचं. आयतं मैदान कोणाला नको असतं? आपण यायचं, खेळायचं, घाम पुसून घरी जायचं. हे मैदान रोज कोणीतरी तयार करतं, हे आपण विसरूनच गेलो होतो.

मग ते आजारी पडले. वर्ध्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले. उशाशी शोभावहिनी होत्या. भाऊंचा पहिला प्रश्न, "आज किती जणी आल्यात्या?" मी म्हटलं, कोणी नाही. जाळीच लागली नाही. भाऊ उठून बसायला लागले. वहिनींनी आवरलं. म्हणाले, "मी नाई म्हणून जाळी नाई? मंग एवढे वर्ष मी केलं काय?"

मी उत्तर दिलं. जरा कडकच दिलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही कोणाला कधी बांधू दिली?"

मला वाटलं, आजारी माणसाला बोलायला नको होतं. पण भाऊ म्हणाले, "हे माहं चुकलं वयनी. लय चुकलं. आता तुमी बांधा."

मी हो म्हटलं. शोभावहिनी साक्षीला आहेत.

ते बरे होतील, मग शिकून घेऊ, असं मनात होतं. ते झाले नाहीत. परवा मी वहिनींकडे गेले तर त्या गोदामाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती जाळी तिथी पडून हाय. मले पाह्यवत नाई. लावान त लावा, नाई त कुठीबी घेऊन जा."

आज या सभेत सूचना आल्या. भाऊंचा फोटो लावावा. फाटकाला त्यांचं नाव द्यावं. महिनाभर मैदान बंद ठेवून दुखवटा पाळावा. फोटोला माझी ना नाही. फाटकालाही नाही. पण मैदान बंद ठेवायला आहे. मंडळी, जो माणूस दवाखान्यातून उठून जाळी बांधायला निघाला होता, त्याचा दुखवटा आपण जाळी न बांधता पाळायचा?

आणि नवीन सचिवाचं. मी ऐकलं की शोध सुरू आहे. दुकान असलेला, मोकळा वेळ असलेला, चार लोकांत वजन असलेला कोणी गृहस्थ. माझं दुकान नाही. मोकळा वेळ तर अजिबात नाही. वजन आहे, ते डॉक्टर कमी करा म्हणतात. तरी मी तुमच्याकडे मागते आहे. हे काम मला द्या. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीच विचारते. एकटी करणार नाही, तेवढं भाऊंकडून शिकले. रोज चौघांना कामाला लावीन. दिवाकरभाऊ, पहिले तुम्ही. जाळी ताणून कशी बांधायची, ते तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला शिकवणार आहात. आज शिकवणार आहात, ही सभा संपली की लगेच. जाळी मी सोबत आणली आहे, त्या खुर्चीवर आहे.

आता आपण उभे राहून भाऊंसाठी दोन मिनिटं शांत राहणार आहोत. त्याआधी एक. मला हे काम द्यायला कोणाची हरकत असेल तर आत्ता बोला. मी खरंच विचारते आहे. मागच्यांनीही बोला. कारण एकदा मौन सुरू झालं की हरकत घेता येणार नाही.

कोणी नाही?

आई, तुमची?

बरं. मग उठा सगळे. गोविंदभाऊंसाठी.